न दिसण्याचा कार्यक्रम

त्याला ऑफिसात सगळे सातदोन म्हणायचे. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव होतं म्हणा, पण ते पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलेलं. चहावाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी सातदोन. आणि गंमत अशी की हा गृहस्थ त्या नावावर खूश होता. कुणी हाक मारली की मान अशी काही वळवायचा, जणू पदवीदान समारंभच चालला आहे.

आता हे सातदोन काय प्रकरण आहे ते आधी सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढची सगळी मजा फुकट जाईल.

त्याची कंपनी आभाळात उपग्रह सोडायची. एकदोन नव्हे, मुठी भरभरून. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. पण आपल्याकडे सूर्य मावळून अंधारलं तरी तो इतक्या उंचावर असतो की त्याच्या अंगावर अजून ऊन असतं. ते ऊन उडून खाली आपल्या डोळ्यांत येतं आणि चालत्या चांदणीसारखा तो आपल्याला दिसतो. हौशी माणसं अंगणात येऊन कौतुक करतात. दुर्बिणीवाले मात्र कपाळाला हात लावतात, कारण त्यांच्या फोटोवर पांढरीफटक रेघ उमटते, आणि त्या रेघेखाली जे काही असेल ते गेलं म्हणून समजायचं. दुर्बिणीवाल्यांनी आरडाओरडा केला, सरकारनं समिती नेमली, आणि समितीनं कंपनीला बजावलं, की पुढची खेप सोडण्याआधी ती जमिनीवरच्या माणसाला किती चमकताना दिसेल ते हिशेबानं मांडून दाखवा.

तो हिशेब करणारा माणूस म्हणजे आपला सातदोन.

ताऱ्यांची चमक प्रतीत मोजतात, आणि ही मोजणी उरफाटी असते. पहिल्या प्रतीचा तारा झगझगीत, सहाव्या प्रतीचा डोळे फाडफाडून पाहिला तर दिसणारा, आणि आकडा त्याच्याही पुढे गेला की नुसत्या डोळ्यांना दिसायचं नाव नको. सूर्य कुठे, उपग्रह कुठे, पाहणारा कुठे, उपग्रहाचं पोट कुणीकडे वळलेलं, त्याला रंग कोणता, खालच्या जमिनीवरून उडालेला उजेड त्याच्या पोटावर किती पडतो, हे सगळं हा संगणकात भरायचा आणि संगणक उत्तर काढायचा. कसाही भरा, उन्हाळ्यात भरा, हिवाळ्यात भरा, उत्तर सात पॉइंट दोन. म्हणजे दिसणार नाही. कंपनी खूश, साहेब खूश, आणि हा तर काय, स्वतःवरच लट्टू.

तिसऱ्या मजल्यावर त्याची खोली होती. खिडकीला जाड पडदे, कारण बाहेरचा उजेड संगणकाच्या पडद्यावर पडला की याला आकडे दिसत नसत. आभाळातल्या उजेडाचा हिशेब करणारा माणूस दिवसभर पडदे ओढून बसायचा आणि संध्याकाळी खाली मान घालून बसस्टॉपवर जायचा. आयुष्यात एकदाही यानं मान वर करून स्वतःच्या कंपनीचा उपग्रह पाहिला नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पाहायचं काय त्यात? मला तो आतून माहीत आहे." सासरा होता तोपर्यंत तो यावर मोठ्यानं हसायचा. यानं ती दाद समजून घेतली.

पण खरी मेख वेगळीच होती.

कुठलाही हिशेब प्रत्यक्षाशी ताडून पाहावा लागतो. त्यासाठी ठिकठिकाणचे हौशी लोक, शाळामास्तर, वेधशाळेतली माणसं, जो तो आपापल्या गच्चीवरून, डोळ्यांनी नाहीतर दुर्बिणीतून, उपग्रह पाहून त्याची प्रत कळवायचा. अशा नोंदी ढिगानं यायच्या. आणि ढिगानं येणाऱ्या वस्तूत थोडा कचरा येतोच. कुणी विमानालाच उपग्रह समजतो, कुणाच्या चष्म्याला धूळ, कुणी पाहतो एक आणि लिहितो भलतंच. म्हणून या धंद्यात एक रीत आहे, तिला छाटणी म्हणतात. सरासरीपासून फार लांब पडलेली नोंद संगणक आपोआप उचलतो आणि बाहेर टाकतो. रीत वाईट नाही. पण कात्री कुणाच्या हातात आहे, हेही पाहायला नको का?

यानं ती कात्री अशी करकचून लावली होती, की सातदोनच्या आसपास जी घुटमळेल ती नोंद शहाणी, बाकीच्या सगळ्या वेडगळ. आता उपग्रहाच्या पोटाला असते एक सपाट पाटी. एरवी ती मुकाट असते. पण संध्याकाळी सूर्य क्षितिजाखाली ठराविक खोलीवर गेला, की पश्चिमेला क्षितिजालगत असलेल्या उपग्रहाची ती पाटी तिरकं ऊन झेलते आणि आरशासारखी झळकते. क्षणभरच, पण अशी झळकते की पाहणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. लोक ते पाहायचे, प्रामाणिकपणे लिहून पाठवायचे, आणि सातदोनचा संगणक म्हणायचा, हॅं, विमान. चला, बाहेर. जे राहिलं ते हिशेबाशी तंतोतंत जुळायचं. जुळेल नाही तर काय करेल! न जुळणारं सगळं आधीच दाराबाहेर काढलेलं.

ही खोड काही नोकरीत लागलेली नव्हती. शाळेत असताना लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला गोळी बांधायची, हलवायची, आणि घड्याळ लावून झोके मोजायचे. बाकीच्या पोरांचे आकडे उंटाच्या पाठीसारखे वर-खाली. याचे सगळे एका रेषेत. मास्तर म्हणाले, "शाब्बास! हात कसा स्थिर आहे बघा याचा." हात कसला स्थिर! जे आकडे रेषेबाहेर जात होते ते यानं खोडून टाकले होते आणि वहीचं पान नव्यानं लिहिलं होतं. शाबासकी मिळाली, आणि पोराला वाटलं, विज्ञान म्हणतात ते हेच.

घरी सासूबाई असायच्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, जिभेला धार आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकून आलेली. त्यांना रक्तदाबाचा त्रास. डॉक्टरांनी सांगितलं, घरी मशीन घ्या, रोज मोजून लिहून ठेवा. हे काम जावयानं मोठ्या उत्साहानं अंगावर घेतलं. एकदा मोजायचा, आकडा चढा आला की म्हणायचा, "आई, तुम्ही हलला असाल." पुन्हा मोजायचा. पुन्हा चढा. "आता तुम्ही बोललात." तिसऱ्यांदा मोजेपर्यंत बिचाऱ्या थकून गप्प झालेल्या असायच्या. आकडा जरा उतरायचा, आणि हा तेवढाच लिहायचा. एके दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात भोवळ येऊन ओट्यावर कलंडल्या. डॉक्टरांनी जावयाचा कागद पाहिला, सासूबाईंचा दंड धरून स्वतः मोजलं, आणि कागद जावयाच्या हातात परत देत म्हणाले, "हे आकडे कुणाचे आहेत? कारण ह्या बाईंचे तर नाहीत."

त्यानंतर सासूबाई त्याला जावईबापू म्हणायच्या थांबल्या. "आमचे संपादक" म्हणायला लागल्या.

बायको वेधशाळेत. शहराबाहेरच्या टेकडीवर. कॉलेजात दोघं एकाच बाकावर होती, म्हणून अरेतुरे. ती संध्याकाळच्या पाळीला असायची. सूर्याच्या आसपास फिरणारे काही दगड असतात, ते एरवी उजेडात बुडालेले. सूर्य मावळल्यावर पश्चिमेच्या संधिप्रकाशात जेमतेम घटकाभर त्यांचा माग लागतो. ती ते दगड शोधायची. बरीच वर्षं शोधत होती. आणि पाहा नशीब, तीच घटका आणि तोच पश्चिमेचा कोपरा, जिथे नवऱ्याच्या कंपनीचे उपग्रह झळकायचे.

"आज पुन्हा गेला," ती घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणायची.

"कोण?"

"तुझा. फोटोच्या मधोमध. पांढरी पट्टी ओढल्यासारखी."

"माझा नसेल."

"मग काय शेजाऱ्यांचा? नंबर काढलाय मी. दीडची प्रत तरी असेल."

"दीड?" हा हसायचा. "अगं, सात पॉइंट दोन आहे तो. सिद्ध झालेलं आहे."

एकदा ती वैतागून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. म्हणाली, मी वेधशाळेतून रीतसर नोंदी पाठवते, त्यांचं काय झालं ते दाखव. यानं ऐटीत घरच्या संगणकावर यादी उघडली. शोधलं. नाही. पुन्हा शोधलं. मग छाटलेल्यांच्या यादीत पाहिलं तर बायकोचं नाव ओळीनं वरपासून खालपर्यंत.

तिनं पडद्यावर बोट ठेवून ओळी मोजल्या. मग स्वयंपाकघराच्या दिशेनं वळून म्हणाली, "आई, ऐकलंस का? ह्यानं मला छाटलं."

"तुला आत्ता कळलं?" आतून आवाज आला.

"वैयक्तिक घेऊ नकोस," सातदोन म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा."

असं हे सगळं सुरळीत चाललेलं असताना कंपनीच्या मोठ्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. उपग्रहांची मोठी खेप तयार होती, रॉकेट ठरलेलं होतं, आणि समिती सही करायला तयार नव्हती. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश. त्या म्हणाल्या होत्या, कागद पुरे झाले. तुमचे उपग्रह आता वर आहेतच, ते संध्याकाळी मला दाखवा. म्हणजे, दिसत नाहीत हे दाखवा.

"दाखवायचं का?" साहेबांनी विचारलं.

"बेधडक," सातदोन म्हणाला.

"नीट विचार कर. ती संध्याकाळ अंधारी गेली तर खेप सुटली, आणि विभागप्रमुखाची खुर्ची तुझी. पण काही लुकलुकलं..."

"साहेब, लुकलुकायला तिथे काही असायला तर हवं ना!"

झालं. हा घरी आला तो विभागप्रमुख होऊनच. सासूबाईंना सांगितलं, धाकट्या भावाला फोन करून सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं. बायको टेकडीवरून आली तेव्हा हा आरशासमोर उभा राहून टाय बांधून पाहत होता.

"संध्याकाळी? पश्चिमेची गच्ची?" ती म्हणाली. "अरे, दिवस तरी दुसरा घे. नाहीतर उशिराची वेळ घे, तेव्हा ते पृथ्वीच्या सावलीत गेलेले असतात, कुणालाच काही दिसत नाही."

"म्हणजे तुला वाटतं मी घाबरतोय?"

"मला वाटतं तू एकदा गच्चीवर जाऊन बघावंस."

"गणित केलंय मी."

"केलंयस खरं," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

आता कंपनीत एक जाहिरातवाला होता. कोट नेहमी निळा, बोलणं नेहमी गोड. त्याच्या डोक्यात आलं, नुसती समिती कशाला, मोठाच समारंभ करू. त्यानं पत्रिका छापल्या. सोनेरी कडा, आणि मध्ये वळणदार अक्षरात, 'आमचे उपग्रह न दिसण्याच्या कार्यक्रमास आपण सहकुटुंब अगत्य येण्याचे करावे.' जगात बारसं, मुंज, लग्न, साठी, सगळ्याच्या पत्रिका निघतात, पण काहीही न दिसण्याची पत्रिका पहिल्यांदाच निघाली असावी. आणि माणसंही अशी विचित्र, की लोटली! फुकटचा चहा आणि बिस्किटं म्हटल्यावर आभाळात काही दिसो न दिसो.

ऑफिसच्या गच्चीवर खुर्च्या मांडल्या. अध्यक्षबाई पहिल्या रांगेत, मांडीवर शाल. शेजारी समितीचे आणखी दोघं, मागे साहेब, साहेबांची पत्नी, साहेबांचा ड्रायव्हर, हिशेबखात्याच्या बायका, वॉचमन. वेधशाळेतर्फे सातदोनची बायको एका कडेला कठड्याला टेकून. सूर्य मावळला. आभाळ केशरी, मग जांभळं, मग राखाडी झालं. एकेक तारा उगवायला लागला.

सातदोन सगळ्यांच्या पुढे उभा. हातात मोबाईल, मोबाईलवर त्याचा हिशेब चाललेला. घसा साफ करून म्हणाला, "मंडळी, थोड्याच वेळात आमचे उपग्रह तुमच्या डोळ्यांसमोरून जातील आणि तुम्हाला ते दिसणार नाहीत. मी सांगेन तेव्हा पाहा."

"न दिसणारं कसं पाहायचं हो?" हिशेबखात्यातली एक बाई कुजबुजली, आणि तिच्या शेजारणीनं तोंडावर पदर दाबला.

"तयार," सातदोन मोबाईलकडे पाहत म्हणाला. "आता ते पश्चिमेला वर येत आहेत."

आले! कठड्याच्या थोडंसंच वर, एकामागून एक. आधी मंद, मिणमिणते. मग पहिल्यानं पाटी वळवली म्हणा की सूर्यानं त्याला गाठलं म्हणा, भपकन पेटला! असा पेटला की आभाळातल्या यच्चयावत ताऱ्यांनी शरमेनं मान खाली घालावी. तो विझतो न विझतो तोच त्याच्यामागचा. मग त्याच्या मागचा. जणू कुणी वाटेवरचे दिवे ओळीनं लावत निघालं आहे. गच्चीवरून "अरे!" असा एकच आवाज निघाला, ड्रायव्हर खुर्चीवर चढला, आणि जाहिरातवाल्याचे हात सवयीनंच एकमेकांवर आपटले. तो टाळ्या वाजवत होता. पाहून मागच्या दोन रांगांनीही वाजवल्या.

"शांत राहा," सातदोन म्हणाला. त्याचे डोळे मोबाईलवर. निळा उजेड नाकावर पडलेला. "आता ते डोक्यावर येतील. आले. आता पूर्वेला चालले. आता सावलीत गेले. झालं." त्यानं मान वर केली आणि हसरा चेहरा करून सगळ्यांकडे पाहिलं. "पाहिलंत? काही नाही."

जाहिरातवाल्यानं टाळ्या वाजवणारे हात खिशात घातले.

मग अध्यक्षबाईंनी शाल सारखी केली आणि न्यायालयातल्या आवाजात विचारलं, "त्यांची प्रत काय होती?"

"सात पॉइंट दोन."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहायची गरज नाही, बाई. हिशेब..."

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. हिशेबखात्याच्या बायकांना हसू आवरेना. वॉचमन भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत होता. साहेबांच्या चेहऱ्याचा रंग पाहून त्यांच्या पत्नीनं त्यांना पाणी दिलं. सातदोन एकेकाकडे पाहत होता. काहीतरी झालं आहे एवढं त्याला समजलं, पण काय झालं आहे ते गच्चीवरच्या सगळ्या माणसांत त्याला एकट्यालाच माहीत नव्हतं. शेवटी त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं दोन बोटं वर केली, मग थोडी खाली करून हात तिरका हलवला. दोनपेक्षाही झगझगीत. दीड असेल.

"विमान असेल," तो म्हणाला.

"तेरा विमानं? रांगेत?" अध्यक्षबाई म्हणाल्या आणि उठल्या.

खेप थांबली. समितीचा हुकूम आला, की कंपनीनं आपलाच एक माणूस रोज संध्याकाळी गच्चीवर बसवावा, त्यानं डोळ्यांनी पाहून नोंदी कराव्यात, आणि पुढच्या सुनावणीत त्या जशाच्या तशा, एकही न छाटता, मांडाव्यात. प्रमुखाची खुर्ची गेली जाहिरातवाल्याकडे. का म्हणाल, तर साहेब म्हणाले, "त्यानं निदान पाहिलं तरी." कंपन्यांचं असंच असतं. टाळी चुकीच्या वेळी वाजवली तरी चालते, वाजवणारा निळ्या कोटातला हवा. आणि गच्चीवर बसायचा माणूस कोण, हे सांगायला नकोच.

घडीची खुर्ची, एक टॉर्च, आणि ताऱ्यांच्या प्रतींचा तक्ता. उपग्रह कोणत्या दोन ताऱ्यांच्या मधल्या चमकेचा आहे ते पाहायचं आणि आकडा लिहायचा. शाळकरी पोरंही हे करतात. हा उजेडाच्या विषयातला पदवीधर, पण पहिले काही दिवस याला तारेच ओळखू येईनात. बायकोला टेकडीवर फोन लावायचा.

"तो लालसर कोणता?"

"कुठला लालसर? दिशा सांग."

"समोर. पाण्याच्या टाकीच्या डावीकडे."

"अरे, मला तुझी टाकी दिसते का इथून? आणि लुकलुकतोय का?"

"नाही. हलतही नाही."

"मोबाईल टॉवरचा दिवा असेल तो," ती म्हणायची आणि फोन ठेवायची.

जुनी सवय काही सुटेना. मोबाईलवरचा हिशेब ज्या जागी सांगेल तिथे हा नजर रोवून बसायचा, आणि उपग्रह भलतीकडून निघून जायचा. घरी सासूबाई विचारायच्या, "काय संपादक, आज काय कापलंत?" हा मान खाली घालून जेवायचा. इस्त्रीवाल्यानं एकदा साहेब म्हणून हाक मारली तर यानं रस्ता बदलला.

आणि मग एका संध्याकाळी मोबाईलची बॅटरी संपली.

करणार काय! बसला आभाळाकडे पाहत. मान अवघडली, डास चावले, दोनदा जांभई आली. आणि टाकीच्या वर एक बारीकसा ठिपका सरकताना दिसला. हा सावरून बसला. ठिपका वर चढला, आणि चढता चढता असा झळाळून उठला की हा खुर्चीतून उभाच राहिला, खुर्ची मागे पडली, तक्ता उडून गच्चीच्या कोपऱ्यात गेला. शेजारचा ठळक तारा त्याच्यापुढे विडीच्या टोकासारखा दिसत होता. क्षणभर. मग तो मंद होत होत सावलीत नाहीसा झाला.

वेड्यासारखा हा जिने उतरला, वॉचमनचा फोन मागून घेतला आणि टेकडीवर लावला.

"अगं, दिसला! मी पाहिला! काय झळकला म्हणून सांगू, दीड काय, दीडपेक्षाही..."

"मलाही दिसला," बायको म्हणाली. "माझ्या फोटोच्या बरोब्बर मधून गेलाय. आज दगड सापडला असता कदाचित. ठेव फोन."

यानं फोन ठेवला आणि वॉचमनलाच पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली. वॉचमन बिचारा उभ्या उभ्या ऐकत राहिला. फोन त्याचा होता ना.

नोंद झाली. एक पॉइंट चार. खाली सही. दुसऱ्या दिवशी जाहिरातवाला, म्हणजे आता प्रमुख, निळ्या कोटात याच्या टेबलाशी आला.

"सातदोन, यार, एवढी एक नोंद बघ ना. बाकी सगळ्यांत 'दिसला नाही, म्हणजे सहाच्या पुढे' असंच आहे. ही एकटीच कशी काय? डोळ्यात काही गेलं असेल तुझ्या. आपण एवढी काढून टाकू. तूच तर हे शिकवलंस आम्हाला."

आता कुणाला वाटेल, याला पश्चात्ताप झाला, सत्य उमगलं, डोळे उघडले. कशाचं काय! दुसऱ्यांच्या नोंदी यानं हजारोंनी केरात टाकल्या तेव्हा याला काही वाटलं नव्हतं. सख्ख्या बायकोच्या टाकल्या. पण ही नोंद याची स्वतःची होती. स्वतःच्या डोळ्यांची, स्वतःच्या अवघडलेल्या मानेची. ती काढायची? म्हणजे सातदोन चुकला असं म्हणायचं? याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्या डोळ्यात काही जात नाही," तो म्हणाला.

"अरे, पण सरासरी..."

"सरासरी खड्ड्यात गेली. मी काय आंधळा आहे?"

मग साहेबांनी बोलावलं. आधी गोड बोलले, मग कडू. खेप अडकली आहे, रॉकेट उभं आहे, प्रमुखाची खुर्ची अजूनही हलवता येते, असंही सुचवून पाहिलं. खुर्ची म्हटल्यावर याचा चेहरा क्षणभर हलला, हे साहेबांच्या शिपायानं पाहिलं आहे. पण अहंकार खुर्चीपेक्षा मोठा निघाला. "नोंद राहील," तो म्हणाला, आणि बाहेर येऊन टेबलावरची सगळी पेनं उगाचच नीट लावत बसला.

सुनावणीला तोच उभा राहिला. नोंदी वाचून दाखवल्या. एक पॉइंट चारपाशी अध्यक्षबाईंनी चष्मा खाली घेतला.

"ही बाकीच्यांहून फार वेगळी आहे. तुमच्याच जुन्या रीतीनं ही बाहेर गेली असती, नाही?"

"गेली असती."

"मग ही खरी कशावरून?"

"बाई, मी होतो तिथे," सातदोन छाती काढून म्हणाला. "माझी खुर्चीसुद्धा पडली."

समिती हसली, पण लिहून घेतलं. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, की असं असेल तर आधी छाटलेल्या बाकीच्या नोंदीही खऱ्याच असणार? एवढ्या पुढचा विचार यानं केलाच नव्हता. मागच्या बाकावर बायको बसली होती, तिनं ओठ दाबून धरले. हा हातातले कागद उलटेपालटे करत पुटपुटला, "असतील." तेवढ्या एका शब्दावर छाटणीची पोती पुन्हा उघडली गेली. हुकूम निघाला, की खेपेतल्या प्रत्येक उपग्रहाच्या पाट्या बदला, आणि संध्याकाळी त्या सूर्यापासून वळवून धरा, मगच सोडा. कंपनीचं व्हायचं ते झालं. सातदोनला बढती मिळाली नाही, मिळणारही नव्हती, आणि साहेबांच्या गाडीत त्या दिवशी त्याच्यासाठी जागाही निघाली नाही.

नवराबायको चालतच घरी निघाली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरं होतं म्हणून सांगितलंस, की तुझं होतं म्हणून?"

"फरक काय त्यात?"

तिनं याच्याकडे नीट पाहिलं. तेवढ्यात कोपऱ्यावर दुधाचं दुकान आलं. तिनं पिशवी याच्या हातात दिली आणि स्वतः बाजूच्या दुकानातून आईच्या गोळ्या घ्यायला गेली.

दुकानात गर्दी नव्हती. सातदोननं पिशवी गल्ल्यावर ठेवली, दोन्ही कोपर टेकवली, आणि म्हणाला, "तुम्ही कधी आभाळाकडे पाहता की नाही? अहो, पाहावं माणसानं. परवाचीच गोष्ट, मी गच्चीवर बसलो होतो..."

"किती लिटर?" दूधवाल्यानं विचारलं.